दोन नंबरची हातोडी

हिंगण्याच्या एमआयडीसीत, वजनकाट्याच्या मागे,
बिस्किटाच्या बंद कारखान्याची अर्धी शेड आमची.
भिंतींना अजून व्हॅनिलाचा वास येतो,
मे महिन्यात जास्त.
माणसं पाच, यंत्रं तीन,
त्यातलं एक कायम टेबलावर, पोट उघडून.

छापतो म्हणायचं, पण शाई नाही आमच्याकडे.
सहा बारक्या हातोड्या, तांब्याच्या तारेत गुंडाळलेल्या,
कागदाला खालून ढोसतात.
फाटला तर वाया, उठला नाही तर कोरा.
या दोहोंमधलं केसाएवढं अंतर
म्हणजे आमची कंपनी.
बाकी सगळं भाडं, जीएसटी
आणि मार्चपासून अडकलेलं शाळेचं बिल.

कूलर फक्त ऑफिसात.
यंत्रांच्या खोलीत धोटे सर लावू देत नाहीत:
वाळ्याची ओली हवा कागदात शिरते
आणि ठिपके बसतात, गार झालेल्या पुरीसारखे.
म्हणून सेहेचाळीस डिग्रीत
कागद ठणठणीत कोरडा
आणि आम्ही ओलेचिंब.
इरफान खिशात कांदा बाळगतो.
संध्याकाळी तोच डाळीत जातो म्हणे.

वेणू नंदेश्वर दहाच्या बसने येते.
काठी दारामागे, डबा खिडकीत,
मग पहिलं पान.
सहा वर्षं झाली मला ही यंत्रं जोडता जोडता,
अजून मी ठिपके डोळ्यांनीच वाचतो,
दिवा तिरका धरून, सावल्या मोजत.
ती म्हणते, "म्हणजे तू भाजी चाखत नाहीस,
वासावरून मीठ सांगतोस."

परवा ती पहिलीच्या पुस्तकात थांबली.
बोट मागे नेलं. परत पुढे.
"एक नाक, दोन कान. त्याच्या खाली काय आहे रे?"
मी मूळ पुस्तकात पाहिलं. दोन पाय.
"मग तुमची मशीन खोटं बोलून राह्यली.
इथं दोन माय आहेत."

मला वेळ लागला.
प म्हणजे एक, दोन, तीन, चार.
दोन गळाला की उरतो म.
नाक आणि कान वाचले,
कारण त्यांच्यात दोन नंबरचा ठिपकाच नाही.
हातोडी तापून दमली होती,
उठत होती, पोचत नव्हती.
आणि त्या पानाच्या दोनशे प्रती
चिवड्याच्या रिकाम्या खोक्यात रचून झालेल्या.

"दोन माय असल्या तर पोराचं काय वाईट?"
इरफान म्हणाला. सगळे हसलो, तीही हसली,
हसता हसता सांगू लागली:
वसतिगृहात एकच पुस्तक होतं,
आधीच्या पोरींच्या बोटांनी झिजलेलं.
"मी आठवीपर्यंत मळस म्हणायची.
मळसाचं झाड, मळसाची फुलं, मळसाची पत्रावळ.
पाठ करून बक्षीस पण घेतलं.
मग एका लग्नात मळसाची पत्रावळ मागितली
आणि पंगत हसली.
तुमचं एक पुस्तक चुकलं तर दुसरं असतं ना.
आमचं तेच."
कोणी काही बोललं नाही.
धोटे सरांनी, बिलाचा फोन चालू असतानाच,
तारेचं रीळ माझ्याकडे सरकवलं.

रात्री अकरापर्यंत मी वेटोळं पुन्हा गुंडाळलं,
चारशे वीस फेरे, तोंडाने मोजत.
दोनदा चुकलो, दोनदा सोडवलं.
सकाळी वेणूने नुसतं प, प, प, प छापून घेतलं,
पानभर,
आणि डबा उघडला. म्हणजे पास.

दोनशे पानं इतवारीला रद्दीत गेली.
रद्दीवाला काट्याकडे बघत कुरकुरला:
"गठ्ठा एवढा उंच, अन् वजन काऊन नाही?
आत हवा भरून आणता का बावा?"

एक पान मी काढून ठेवलं होतं.
घरी, सगळे झोपल्यावर,
पहिल्यांदाच डोळे मिटून त्यावर बोट ठेवलं.
काहीतरी होतं. खडबडीत, तिळाएवढं,
तिळाच्या शेजारी तीळ.
पाय की माय,
सांगता येईना.